द्राक्षाच्या सालीवरचे कृमी, लांबलेलं आयुष्य आणि आमचं गॅरेज

द्राक्षवेल

मंडळी,

गेल्या वर्षी मार्चमधल्या एका रविवारी आमच्या गॅरेजमध्ये पेढे वाटले. द्राक्षाच्या सालीचा अर्क घातलेल्या डिशमधले कृमी साध्या डिशमधल्या कृमींपेक्षा सरासरी तीन दिवस जास्त जगले होते. ज्या प्राण्याचं अख्खं आयुष्यच दोन-तीन आठवड्यांचं, त्याचे तीन दिवस म्हणजे माणसाच्या हिशेबात दहा-बारा वर्षं झाली. आम्ही पाच जण त्या रात्री साडेबारापर्यंत आलेख काढत बसलो होतो.

मे महिन्यात कळलं, की त्यात अर्काचा काही हात नव्हता.

मी नाशिकला एका औषध कंपनीत गुणवत्ता तपासणीत आहे, सूक्ष्मजीवशास्त्राच्या बाजूला. आमच्यातला एक जण कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो, एक इलेक्ट्रिशियन, एकीचा द्राक्षबाग आहे आणि एक बारावी झालेला मुलगा. शिक्षक मित्राने कॉलेजमधून सी. एलिगन्स नावाचे सूत्रकृमी आणि त्यांचं खाद्य असलेले निरुपद्रवी जिवाणू आणले. कृमी जेमतेम एक मिलिमीटर लांब आणि काचेसारखा पारदर्शक. वार्धक्याच्या संशोधनात याचं स्थान फार मोठं आहे. १९९३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सिंथिया केन्यन यांच्या गटाने दाखवलं, की डॅफ-२ या एकाच जनुकात बिघाड असलेले कृमी दुप्पट जगतात, आणि ते जास्तीचे दिवस वळवळत, चपळ राहून जगतात. वय होणं म्हणजे नुसती झीज नव्हे, शरीरात त्याची सूत्रं हलवणारी यंत्रणा आहे, ही कल्पना त्यानंतर खऱ्या अर्थाने रुजली.

या कृमीला २० अंश तापमान लागतं. नाशिकचा उन्हाळा आणि पत्र्याचं गॅरेज, त्यामुळे एका बंद झालेल्या हॉटेलातून आम्ही जुना वाइन कूलर घेतला. डिशसाठी अगार, पेप्टोन, मीठ, थोडं कोलेस्टेरॉल. एकेक कृमी तीनशेच्या आसपास अंडी घालतो, म्हणून पहिले सहा-सात दिवस रोज मोठे कृमी उचलून नव्या डिशमध्ये ठेवावे लागतात, नाहीतर आई कोण आणि पोर कोण हेच कळत नाही. मग रोज मोजणी: जिवंत किती, मेले किती, हरवले किती. कंपनीतून आल्यावर रात्री नऊला मी मोजायला बसायचे, मान अवघडून जायची.

चूक कुठे झाली ते सांगते. कूलरची थंड नळी मागच्या भिंतीत आहे. अर्काच्या डिश आम्ही मागे ठेवत होतो, साध्या डिश पुढे दाराशी. का, तर अर्काच्या डिश मागे ठेवल्या की उचलताना घोटाळा होत नाही. इलेक्ट्रिशियन मित्राने एक दिवस सहज दोन सेन्सर आत लावले. मागे १८ अंश, पुढे २१. थंडीत कृमी जास्त जगतो, हे पुस्तकात पहिल्या पानावर असतं. शिवाय कुठली डिश कशाची हे मोजणाऱ्याला माहीत होतं, आणि निपचित पडलेल्या कृमीला 'अजून जिवंत' म्हणायला आपलं मन किती तयार असतं हे मी स्वतः अनुभवलं आहे. मग डिशवर नुसते आकडे टाकले, त्यांची किल्ली, म्हणजे कुठला आकडा कशाचा याची यादी, बागवाल्या मैत्रिणीकडे बंद पाकिटात दिली, रोज जागा बदलल्या आणि तोच प्रयोग पुन्हा केला. फरक शून्य.

त्या शून्याचा आलेख मी गॅरेजच्या दारावर लावला आहे. आमच्या वर्षभराच्या कामात मला सगळ्यात जास्त विश्वास त्याच एका कागदावर आहे.

द्राक्षाची साल निवडली ती तिथल्या रेस्व्हेराट्रॉलमुळे, आयुष्य वाढवतो असा गाजावाजा झालेल्या रेणूमुळे. त्या रेणूची गोष्ट तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. २००८ मध्ये ग्लॅक्सोस्मिथक्लाइनने त्यावर काम करणारी सर्ट्रिस ही कंपनी ७२ कोटी डॉलरना घेतली. पुढे अमेरिकेत एकाच वेळी तीन प्रयोगशाळांत चालणाऱ्या सरकारी खर्चाच्या चाचणीत, त्याच पदार्थाने सर्वसाधारण उंदरांचं आयुष्य वाढलं नाही. २०१३ मध्ये सर्ट्रिसचं अमेरिकेतल्या केंब्रिजमधलं कार्यालय बंद झालं. गोळ्या मात्र आजही विकल्या जातात.

हे सगळं आज लिहायचं कारण वेगळं आहे. गेल्या महिन्यात माझ्या चुलतभावाने परदेशातून मागवलेली एक बाटली दाखवली. ऑलिव्ह तेलात विरघळवलेलं सी-६०, म्हणजे साठ कार्बन अणूंचा फुटबॉलसारखा रेणू. रोज एक चमचा. पोटात धस्स झालं, कारण या बाटलीचा इतिहास मला माहीत होता.

२०१२ मध्ये पॅरिसच्या एका गटाचा शोधनिबंध आला. पाणी दिलेल्या मोठ्या जातीच्या उंदरांचं (रॅट) मध्यक आयुष्य, म्हणजे निम्मे मरेपर्यंतचा काळ, २२ महिने, नुसतं ऑलिव्ह तेल दिलेल्यांचं २६ आणि सी-६० चं तेल दिलेल्यांचं ४२. जवळजवळ दुप्पट! पण प्रत्येक गटात उंदीर होते सहा. निबंधातलं एक चित्रही दुबार छापलं गेलं होतं, ते नंतर दुरुस्त करावं लागलं. तरी काही महिन्यांतच घरोघरी लोक सी-६० तेलात ढवळू लागले, ऑनलाइन बाटल्या आल्या. योग्य प्रमाणात, मोठ्या संख्येने, लहान उंदरांवर (माउस) तसाच प्रयोग करून निकाल छापून यायला २०२० उजाडलं. निष्कर्ष असा, की आयुष्य वाढत नाही. आणि ते तेल उजेडात राहिलं तर त्यात विषारी पदार्थ तयार होतात, त्याने उंदीर आजारी पडले आणि मेले. माझ्या भावाची बाटली पारदर्शक होती. स्वयंपाकघराच्या खिडकीत, उन्हात.

मधली आठ वर्षं मला सतावतात. इतक्या लोकांनी ते तेल प्यायलं. त्यातल्या कितीतरी जणांकडे हुशारी होती, पैसा होता, सूक्ष्मदर्शक होते. दोन बाटल्या, एक काळोखात आणि एक उन्हात, आणि शंभर कृमी, एवढी चाचणी कुठल्याही गॅरेजमध्ये महिन्याभरात सुरू करता आली असती.

म्हणून माझं म्हणणं असं आहे, की वार्धक्याच्या शोधात आपल्यासारख्या हौशी लोकांची खरी जागा मोजणीच्या टेबलाशी आहे, आणि ती जागा आज रिकामी आहे. स्वतःच्या दंडात काही टोचून घेणाऱ्यांचे व्हिडिओ भरपूर आहेत. अठरा दिवस रोज रात्री कृमी मोजून 'काही फरक नाही' असं लिहिणारे फार थोडे.

तुम्हाला काय वाटतं? कुणी असं काही करत असेल तर जरूर लिहा.

---

सदूअण्णा

द्राक्षवेलताई, लेख दोनदा वाचला. माझं वय ७६. एस.टी.त मेकॅनिक होतो. एक प्रामाणिक शंका विचारतो. आयुष्य वाढवून करायचं काय? माझी आई ९४ व्या वर्षी गेली. त्यातली शेवटची सहा वर्षं अंथरुणाला खिळून. आम्ही भावांनी आणि सुनांनी सगळं केलं, पण ती रोज म्हणायची, देवा आता ने. अशी वर्षं वाढवणारं औषध मला तरी नको.

---

द्राक्षवेल

अण्णा, तुमच्या आईंची ती सहा वर्षं हाच या शास्त्राचा खरा विषय आहे. डॅफ-२ चे कृमी मी पहिल्यांदा व्हिडिओत पाहिले तेव्हा मला आयुष्याच्या लांबीचं फारसं काही वाटलं नाही. साधे कृमी तेराव्या-चौदाव्या दिवशी थकून पडलेले होते आणि त्याच वयाचे ते दुसरे कृमी डिशभर फिरत होते. आपल्याकडे म्हणतात ना, हातपाय चालते असताना जावं. चालत्या हातापायांचा काळ वाढवता येतो का, एवढंच बघायचं आहे. पलंगावरची वर्षं वाढली तर तो या शास्त्राचा पराभवच म्हणावा लागेल.

---

निर्भय_२०

ताई, लेख आवडला, पण एका मुद्द्यावर मी तुमच्याशी सहमत नाही. स्वतःवर प्रयोग करणाऱ्यांना तुम्ही फार पटकन बाजूला सारलंत. मुंबईत प्लेग आला तेव्हा हाफकिन यांनी लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये जिवाणूंचा अख्खा पेला प्यायला, म्हणून अल्सरचं खरं कारण जगाला पटलं, पुढे २००५ मध्ये नोबेल मिळालं. यांनी समितीच्या परवानगीची वाट बघितली असती तर? बायोव्हिवा कंपनीच्या लिझ पॅरिश यांनी २०१५ मध्ये कोलंबियात जाऊन स्वतःवर जनुकोपचार करून घेतले. कुणीतरी पहिलं असावंच लागतं. म्हातारपण रोज माणसं मारतंय आणि आपण कृमी मोजत बसायचं?

---

सनीवेलकर

मी मूळचा सांगलीचा, पंधरा वर्षं कॅलिफोर्नियात. सनीवेलमध्ये बायोक्युरियस नावाची सार्वजनिक प्रयोगशाळा सुरू झाली होती, तिथे काही वर्षं जात होतो. थोडी पार्श्वभूमी देतो, कारण या चळवळीबद्दल बातम्यांतून चुकीचं चित्र तयार होतं.

'डीआयवायबायो', म्हणजे स्वतःच करून बघायचं जीवशास्त्र, या नावाने मंडळी जमायला लागली २००८ मध्ये, बॉस्टनजवळ. २०१० मध्ये ब्रुकलिनला जेनस्पेस सुरू झाली, मग आमच्याकडची. वर्गणी भरायची, सुरक्षिततेचं प्रशिक्षण घ्यायचं आणि मग पिपेटला हात लावायचा. रोगजंतू आणायचे नाहीत, स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या शरीरावर काही करायचं नाही, हे नियम पहिल्या दिवशीच सांगतात. माझ्या शेजारच्या टेबलावर एक निवृत्त बाई बुरशीपासून कापडाचे रंग काढत होत्या. ओकलंडच्या प्रयोगशाळेतली मंडळी २०१५ पासून स्वस्त इन्सुलिन बनवण्याची पद्धत सर्वांसाठी खुली करायच्या मागे लागली आहेत. अजून ते औषध रुग्णापर्यंत गेलेलं नाही, पण चिकाटी सुटलेली नाही.

निर्भय, २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका परिषदेत जोसाया झेनर यांनी सगळ्यांसमोर दंडात क्रिस्परचं, म्हणजे जनुकं कापणाऱ्या तंत्राचं, इंजेक्शन घेतलं. स्नायूंची वाढ रोखणारं जनुक बंद पाडायचा बेत होता. दंड होता तसाच राहिला. पुढच्याच वर्षी त्यांनी स्वतः सांगितलं, की हे बघून कुणाला तरी इजा होईल अशी मला भीती वाटते. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१७ च्याच नोव्हेंबरात जाहीर केलं, की स्वतःला टोचून घेण्यासाठी असे जनुकसंच विकणं बेकायदा आहे. आमच्या राज्यात २०२० पासून अशा संचावर तशी सूचना छापावीच लागते. त्या व्हिडिओनंतर आमच्या प्रयोगशाळेत येणारे पहिले प्रश्न बदलले. आधी लोक विचारायचे, 'मला दह्यातले जिवाणू बघायला मिळतील का?' नंतर विचारू लागले, 'इथे इंजेक्शन मिळेल का?' मला त्याचं फार वाईट वाटलं.

---

द्राक्षवेल

निर्भय, हाफकिनबद्दल मलाही नितांत आदर आहे. लहानपणी मामाकडे परळला गेलो की त्यांच्या नावाच्या संस्थेवरून जाताना आजोबा हात जोडायचे. पण तुझं उदाहरण पूर्ण करूया. १० जानेवारी १८९७ ला त्यांनी स्वतः लस घेतली. ताप आला, दंड सुजला, तरी ते उभे राहिले. यावरून एवढंच कळलं, की या मात्रेने माणूस मरत नाही. लस प्लेगपासून वाचवते का, हे त्यातून कळणं शक्यच नव्हतं. ते कळलं त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात. तिथे प्लेग शिरला होता. काही कैद्यांनी स्वेच्छेने लस घेतली, काहींनी घेतली नाही. दोघांचं जेवण तेच, कोठड्या त्याच. आणि दोन्हीकडचे आजारी आणि मृत मोजले गेले. हाफकिन यांचं धैर्य पहिल्या दिवसाचं, पण लस सिद्ध केली ती त्या मोजणीने.

आणि प्लेगचा निकाल आठवड्यात लागतो. मार्शल यांनाही काही दिवसांतच मळमळ सुरू झाली, तपासणीत जठराची सूज दिसली. म्हातारपणाचा निकाल कधी लागणार? तू आज काही टोचून घेतलंस आणि ८८ व्या वर्षापर्यंत जगलास, तर ते औषधाने की तुझ्या आजीच्या जनुकांनी? तुझ्याजवळ न टोचून घेतलेला दुसरा निर्भय नाही.

यावर लोक म्हणतात, 'जैविक वय' मोजू. स्टीव्ह हॉरव्हाथ यांनी २०१३ मध्ये डीएनएवरच्या ३५३ जागांच्या खुणांवरून वय सांगणारं घड्याळ तयार केलं. मोठ्या लोकसंख्येसाठी ते फार उपयोगी हत्यार आहे. पण २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत, एकाच रक्ताचा नमुना दोनदा मोजला तर काही घड्याळांत ९ वर्षांपर्यंत फरक आला. आमच्या कूलरमध्ये ३ अंशांच्या फरकाने दीड महिना फसवलं, इथे तर काटाच इतका डळमळतो.

---

पुनर्नवा

मी मूत्रपिंडविकार तज्ज्ञ आहे, प्रत्यारोपणाचे रुग्ण बघतो. या धाग्यावर रॅपामायसिनचं नाव अजून आलं नाही, म्हणून लिहितो. प्रतिकारशक्ती दाबणारं हे औषध, आमच्याकडे त्याला सिरोलिमस म्हणतात.

या औषधाची कथा मला नेहमी हलवून जाते. १९६४ मध्ये एक कॅनेडियन पथक प्रशांत महासागरातल्या रापा नुई बेटावर गेलं, मातीचे नमुने घेऊन आलं. माँट्रियलच्या एका कंपनीत सुरेंद्रनाथ सेहगल या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञांनी त्या मातीतल्या जिवाणूपासून १९७२ मध्ये हा पदार्थ वेगळा काढला. पुढे ती प्रयोगशाळा बंद झाली आणि काम गुंडाळायला सांगितलं गेलं. सेहगल यांनी तो जिवाणू आइस्क्रीमच्या डब्यात घालून घरच्या फ्रीझरमध्ये जपून ठेवला आणि नव्या गावी घेऊन गेले. १९९९ मध्ये मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी त्याला मान्यता मिळाली. दरम्यान त्यांना स्वतःला आतड्याचा कर्करोग झाला, तेव्हा ते आपलंच औषध घेऊ लागले. डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपेक्षा पुष्कळ जास्त जगले. मग खरंच औषधाने गुण येतोय का हे बघायला त्यांनी ते थांबवलं. आजार उलटला. २००३ मध्ये ते गेले. २००९ चा शोधनिबंध त्यांनी पाहिला नाही. माणसाच्या साठीच्या बरोबरीच्या वयात, म्हणजे ६०० दिवसांच्या उंदरांना, हे औषध सुरू केलं तरी माद्यांचं कमाल आयुष्य १४ आणि नरांचं ९ टक्क्यांनी वाढलं. एकाच वेळी तीन प्रयोगशाळांत.

हा पुरावा भक्कम आहे आणि म्हणूनच माझी काळजी वाढली आहे. गेल्या दोन वर्षांत माझ्याकडे तीन निरोगी माणसं आली, जी आठवड्याला एकदा सिरोलिमस घेत होती. इंटरनेटवर वाचून. एकाच्या तोंडात इतके व्रण, की पाणी पिववत नव्हतं. दुसऱ्याचं कोलेस्टेरॉल दुपटीच्या जवळ. तिसऱ्या गृहस्थांना दाताच्या डॉक्टरांनी क्लॅरिथ्रोमायसिन दिलं होतं. त्यांनी दंतवैद्यांना सिरोलिमसचं सांगितलंच नव्हतं. ते प्रतिजैविक यकृतातला मार्ग अडवतं आणि सिरोलिमसची रक्तातली पातळी कितीतरी पटींनी चढते. जखम भरेना म्हणून ते माझ्यापर्यंत आले. बरे झाले, पण दहा दिवस दवाखान्यात काढून. माझ्या रुग्णांना हे औषध देताना आम्ही रक्तातली पातळी मोजतो, मात्रा कमी-जास्त करतो. यातलं काही त्या तिघांनी केलेलं नव्हतं.

कुणी घेत असाल तर निदान आपल्या प्रत्येक डॉक्टरला, दाताच्याही, सांगा. लाजू नका, आम्ही रागावत नाही.

---

निर्भय_२०

डॉक्टर, ताई, वाचलं. एक सांगायचं राहिलं होतं. माझे बाबा ६१ वर्षांचे आहेत आणि दोन वर्षांपासून त्यांना विस्मरणाचा आजार आहे. मागच्या आठवड्यात त्यांनी मला माझ्या काकांच्या नावाने हाक मारली. 'मोठ्या चाचण्यांची वाट बघा' असं कुणी म्हटलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते, कारण त्या संपतील तेव्हा बाबा नसतील. हाफकिनचा मुद्दा मान्य आहे. पण मग माझ्यासारख्याने करायचं तरी काय?

---

द्राक्षवेल

निर्भय, हे वाचून बराच वेळ काही सुचेना. बाबांना आज कुठल्या गॅरेजमधून औषध मिळणार नाही, आणि तसं सांगणारा कुणी भेटला तर त्याच्यापासून त्यांना जपायचं काम तुझंच आहे.

वाट बघण्यापलीकडे काही करता येतं का, तर येतं. रॅपामायसिनचंच घे. मोठ्या कंपन्यांना जुन्या, पेटंट संपलेल्या औषधात रस नव्हता. तेव्हा लोकांनी वर्गणीचा हातभार लावला आणि 'पर्ल' नावाची चाचणी उभी राहिली. ४८ आठवडे, निरोगी माणसं, आठवड्याला एकदा ५ किंवा १० मिलिग्रॅम, आणि एका गटाला नुसती खोटी गोळी. २०२५ मध्ये निकाल छापून आला. पोटातली चरबी कमी होते का हा मुख्य प्रश्न होता, त्याचं उत्तर आलं 'नाही'. जास्त मात्रा घेणाऱ्या बायकांत स्नायूंचं वजन आणि दुखणं यात थोडी सुधारणा दिसली. आणि एक फार कामाची गोष्ट निघाली: चाचणीसाठी फार्मसीत खास बनवून घेतलेल्या गोळ्या नेहमीच्या गोळ्यांच्या साधारण एक तृतीयांशच अंगी लागतात. म्हणजे '१० मिलिग्रॅम घेतो' म्हणणाऱ्या कितीतरी जणांना आपण खरंच किती घेतो हेच माहीत नव्हतं. मोजलं म्हणून कळलं.

आमच्या कृमींचंही तसंच. अमेरिकेत तीन नामांकित प्रयोगशाळांनी एकत्र येऊन कृमींचं आयुष्य मोजायचं ठरवलं, तर सुरुवातीला एकमेकींचे आकडे जुळेनात. शोधता शोधता सापडलं, की एका ठिकाणी वय अंडं घातल्यापासून मोजतात, दुसरीकडे अंडं फुटल्यापासून. कृमी उचलणाऱ्याचा हात किती हलका, याचाही परिणाम होत होता. पगारी शास्त्रज्ञांची ही कथा, म्हणून मला आमच्या कूलरची लाज वाटेनाशी झाली.

तू नाशिकच्या आसपास असशील तर एखाद्या रविवारी ये. बाबांनाही आण, बाग दाखवू त्यांना.

---

सदूअण्णा

निर्भय बाळा, माझ्या मेहुण्याला हाच आजार होता. नाव विसरले तरी जुन्या गाड्यांचा आवाज ते अचूक ओळखायचे. बाबांना जे आवडायचं ते त्यांच्यासमोर करत राहा.

ताई, मला मोजायला शिकवाल का? डोळे चांगले आहेत, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय दोन्ही. वेळ भरपूर आहे.

---

द्राक्षवेल

अण्णा, नक्की! पाकिटातली किल्ली सांभाळायलाही एक बाहेरचा, भरवशाचा माणूस हवाच आहे. व्यक्तिगत निरोपात पत्ता पाठवते.

---

सनीवेलकर

भारतातल्या कायद्याचं एक लक्षात असू द्या. जनुकीय बदल केलेले जिवाणू, प्लाझ्मिड (डीएनएच्या छोट्या कड्या) वगैरे मागवायचे असतील तर पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे १९८९ चे नियम लागू होतात, संस्थेची जैवसुरक्षा समिती लागते. इकडून कुणी कुरिअरने संच पाठवतो म्हणालं तरी घेऊ नका. द्राक्षवेल यांच्यासारखं, जनुकांना हात न लावता केलेलं काम घरी करण्याजोगं आहे.

---

म्हापशेकर

उशिरा येतोय. हा धागा वाचून मी बागेतल्या जांभळाखाली कुजलेल्या फळांचा चिखल चमचाभर घेऊन चायना ग्रासच्या पातळ थरावर ठेवला. दुसऱ्या दिवशी मुलीच्या सूक्ष्मदर्शकातून बघितलं तर बारीक केसांसारखं काहीतरी वळवळत बाहेर येत होतं! दहा-बारा तरी असतील. मुलगी शाळेतून आल्यापासून तिथून हललेली नाही. दोन-तीन मात्र अगदी स्तब्ध आहेत. मेले की झोपलेत, कसं ओळखायचं?

---

द्राक्षवेल

वा! कुजलेली फळं म्हणजे यांचं माहेरघर. सी. एलिगन्सची चुलत बहीण सी. ब्रिग्सी, तिचं जगभर वापरलं जाणारं मूळ वाण अहमदाबादच्या मातीतून गेलेलं आहे.

दात कोरायच्या काडीला पापणीचा एक केस डिंकाने चिकटवा. त्याने कृमीच्या डोक्याकडे अगदी हलकेच स्पर्श करा, मग शेपटीकडे. डोकं जरा जरी हललं तरी तो जिवंत. तीनदा करूनही काहीच नाही, तर मेला म्हणून नोंदवा. नोंद तारीख आणि वेळेसह शाईच्या पेनने, खाडाखोड न करता. आणि खोलीचं तापमान रोज लिहा, सकाळी आणि रात्री, डिश ठेवली असेल बरोबर त्याच जागेचं. हात साबणाने धुवा, डिश जेवणाच्या टेबलावर नको. मुलीला सांगा, उद्याची मोजणी आजच्याच वेळेला.